गुरुपादअप्पांच्या नावाची बाटली

मल्लम्माअक्काच्या खानावळीत मी अकरा वर्षं जेवलो आणि नऊ दिवस जेवलो नाही. सांगायचंय ते या नऊ दिवसांचं, आणि त्यानंतर अक्कानं जे करून दाखवलं त्याचं. पण आधीची अकरा वर्षं ऐकल्याशिवाय तुम्हाला माझी लाजही कळायची नाही आणि अक्काही कळायची नाही.

मी धर्मराज. वडवणीजवळच्या खेड्यातला, परळीच्या थर्मलमध्ये फिटर. शाळेत मास्तरांनी छड्या मारून शुद्ध भाषा शिकवली, पण डोकं तापलं की गावचं बोलणं तोंडात येतं. आणि माझं डोकं बॉयलरच्या आधी तापतं, असं आमचे साहेबच म्हणायचे. तेव्हा सांभाळून घ्या.

एक्क्याण्णव साली नोकरीला लागलो. बायको-लेकरं गावाकडं, आई आणि शेत सांभाळायला. मी इकडं मोंढ्याजवळ वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिलो, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं, मागच्या गल्लीत जेवायला जा, दुसरीकडं जाशील तर पस्तावशील. गेलो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत एका पंगतीला वीस माणसं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, सोमवारी गव्हाची गोड हुग्गी. लिंगायताचं घर, त्यामुळं अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. पापड वाळत घातले तर थर्मलची राख बसते म्हणून अक्का वरून जुनं धोतर ताणायची आणि आमच्याकडं बघून म्हणायची, "ही बघा, तुमची कमाई."

अक्काचा एक नेम होता. प्रत्येकाच्या ताटात पहिली भाकरी तीच वाढणार, तव्यावरून काढून थेट. पुढच्या कुणीही वाढाव्यात, पहिली तिच्या हातची. "पैली भाकर वाढताना तोंड बघितलं की समदं कळतंय," म्हणायची. "कोन आजारी हाय, कोन घरी भांडून आलाय." एकदा माझं तोंड बघितलं आणि भाकरी परत टोपल्यात टाकून ताकभात आणला. मी चिडलो, मला काय झालंय म्हणालो. संध्याकाळी मला एकशेतीन ताप.

आणि एवढं सगळं करून खानावळीला नाव काय, तर अप्पाची खानावळ! अप्पा म्हणजे अक्काचे मालक, गुरुपादअप्पा उदगीरे. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं भस्म-रुद्राक्षाचं दुकान. माणूस गाईसारखा गरीब, कुणाला कधी उलट बोलला नाही. पण त्या खानावळीत त्यांनी आयुष्यात चिमूटभर मीठ घातलं असेल तर माझ्या नावाचं कुत्रं पाळा. तरी गॅसच्या पुस्तकावर नाव अप्पांचं, लाइटच्या बिलावर अप्पांचं, लोकांच्या तोंडी अप्पांचं. मला लई राग यायचा. अक्काला नाही यायचा. "नावानं भाकर फुगत न्हाई रे धर्मा," म्हणायची.

आता दोन हजार दोनचा श्रावण. गल्लीत एक मठ आहे. श्रावणात तिथं थोरल्या महाराजांची पुण्यतिथी असते. त्या वर्षी मठानं ठरवलं, रक्तदान करायचं. एकशे आठ बाटल्या. आणि मठाचा सगळा कारभार घरटी चालतो. आमंत्रण घरटी, प्रसाद घरटी, तर रक्तसुद्धा घरटी एक बाटली!

हे सगळं राजेश्वर मास्तरांच्या डोक्यातलं. मास्तर मठाचे कारभारी. माणूस सज्जन, पण कामाचा उरक असा की विचाराला वेळच मिळू नये. सकाळी रांग लागायला नको म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच मठाची घरांची यादी समोर घेतली आणि एकशे आठ फॉर्म भरून टाकले. नाव कर्त्या पुरुषाचं, वय अंदाजानं, आणि 'पुरुष' या चौकोनात एकशे आठ वेळा टिक. कुठल्या घरातून नेमकं कोण येणार हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. घर म्हणजे कर्ता पुरुष, विषय संपला.

मी मठाचा नाही, पण अक्कानं सांगितलं म्हणून गेलतो. माझ्या हाताला सुई लागलेली, बाटली भरत होती, तेवढ्यात शेजारच्या खाटेवर अप्पा आले. ब्लड बँकेच्या पोरीनं सुई नुसती वर धरली, अप्पांनी ती बघितली, आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. पाणी मारलं. कुणी नाकाला कांदा लावला. मास्तर घड्याळ बघत म्हणतात, "आता कसं, एकशे आठ भरायला पाहिजेत!"

अक्का प्रसादाचं पातेलं घेऊन आली होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, अप्पांना उठवून भिंतीला टेकवलं, आणि पदर खोचून त्याच खाटेवर आडवी झाली. "घराची बाटली घरातनंच जाईल," म्हणाली. "काढा."

पोरीनं विचारलं, फॉर्म? मास्तरांनी लगेच अप्पांचा फॉर्म पुढं केला. "हाच, हाच. घर एकच हाय." ब्लड बँकेच्या गाडीबरोबर आलेली माणसं तिघं, रांग दारापर्यंत. वजन बघितलं, बोट टोचून रक्त बघितलं, कागदावरचं नाव कुणी वाचलं नाही. त्या दिवशी अशा नऊ-दहा बायकांनी नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावानं रक्त दिलं. भिवराबाईनं तर वारलेल्या सासऱ्याच्या नावानं दिलं, कारण मठाच्या यादीत अजून तोच कर्ता होता!

संध्याकाळी भोंग्यावरून नावं पुकारली. "गुरुपाद सातलिंग उदगीरे, रक्तवीर!" अप्पांना शाल, नारळ आणि रंगीत प्रमाणपत्र. अप्पा ओशाळून स्टेजवर गेले. मी रागानं लाल. आणि अक्का मागं पातेली घासत हसत होती. "शाल घरातच आली की रे," म्हणाली.

तीन आठवड्यांनी अप्पांच्या दुकानावर पत्र आलं. इंग्रजीत. अप्पांनी मला बोलावून वाचायला दिलं. मला जेवढं लागलं तेवढं असं, की आपण दिलेल्या रक्ताची तपासणी केली, तीत हिपॅटायटिस सी नावाच्या काविळीची चाचणी पॉझिटिव्ह आली, ही पहिली तपासणी आहे, पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांना भेटा. आम्हाला दोघांनाही त्या काविळीचं नाव नवीन. पण पॉझिटिव्ह हा शब्द तेव्हा टीव्हीवरच्या जाहिरातींमुळं ज्याला त्याला ठाऊक, आणि त्याचा एकच अर्थ ठाऊक.

मी म्हणालो, "अप्पा, हे तुमचं न्हाई."

"तेच सांगायला बोलवलंय," अप्पा म्हणाले. भस्म लागलेल्या बोटांनी त्यांनी पत्राची घडी घातली. "तू शेजारच्या खाटेवर होतास. बघितलंस ते तुझ्यापाशी ठेव. आजार माझ्या नावानं आलाय, माझ्याच नावानं राहू दे. माझं काय, भस्म इकणारा मानूस. तिचं कळलं तर खानावळ बसल. आन खानावळ बसली तर ती कशाच्या जिवावर जगल?"

"आन दवापाणी? ते काय तुमी घेनार तिच्या नावचं?"

"बघू."

"बघू म्हंजी काय बे!" मोठ्या माणसाला बे म्हणायचं नसतं. पण म्हणालो. अप्पांनी ते ऐकूनही घेतलं. हात जोडले त्यांनी माझ्यापुढं, आणि मी मुकाट्यानं मान हलवली.

पत्रातला शब्द काय आहे ते अप्पांनी दुकानासमोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं होतं, तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत 'अप्पाच्या रक्तात दोष निघाला'. तिसऱ्या दिवशी 'अप्पाला एड्स झाला'. दुकानात कुणी रुद्राक्ष हातात घेईना. अप्पाची खानावळ म्हणून खानावळीतले पाच-सहा जणही गळाले. अक्कानं अप्पांना विचारलं, हे काय ऐकते मी? अप्पा म्हणाले, पत्र माझ्या नावानं आलंय, दवा चालू केलीय, तू लक्ष घालू नको. स्वतःच्या रक्ताची बाटली महिनाभरापूर्वी गेली, ती अक्का त्या गडबडीत विसरूनच गेलती. घराची म्हणून दिली, संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्यासी स्वतःच्या पायानं फासाकडं चालला होता.

आता माझं सांगतो. मठात बघणारे बरेच होते, पण कुणाची बाटली कुणाच्या नावानं गेली हे त्या गर्दीत कुणी ध्यानात ठेवलं नव्हतं. अप्पांच्या रक्तात काही नाही हे परळीत दोघांनाच माहीत होतं, अप्पांना आणि मला. बाकीचे अप्पांना भिऊन खानावळ सोडत होते. मी अक्काला भिऊन सोडली. तिच्या हाताची पहिली भाकरी डोळ्यांपुढं आली की घास तोंडात फिरायचा. अकरा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या हाताची मला भीती वाटली. एसटी स्टँडासमोर एका हॉटेलात तेलाचा तवंग असलेली उसळ खाऊन यायचो आणि खोलीत येऊन स्वतःला शिव्या घालायचो. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी मीठच बदललं.

नवव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर अक्का. हातात डबा, कपाळाला घाम, पायात चप्पल नाही. घाईत तशीच निघाली असावी.

"कावून रे धर्मा, नऊ दिस झाले की! लई आजारी हायेस व्हय? बघू डोळे. काविळ-बिविळ न्हाई ना झाली?"

आणि तिनं माझी पापणी खाली ओढून डोळा बघितला. उजेडाकडं तोंड फिरवून दुसराही बघितला. "पिवळं न्हाई," म्हणाली, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

माझ्यानं राहवलं नाही. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पत्र, अप्पांचे जोडलेले हात, हॉटेलातली उसळ, सगळं. एकही गोष्ट ठेवली नाही.

अक्कानं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी हा मानूस धा दिस माझ्यापायी लोकाचं बोलनं खातोय?"

"हां."

"आन माझ्या रक्तात काय हाय, ते तुमा दोघा बाप्यांना ठाऊक. मला न्हाई."

"हां, अक्का."

"मेल्यांनो!" तिचा आवाज असा चढला की खालचा दुकानदार वर बघायला लागला. "जीव माझा, रक्त माझं, आन कारभार तुमी करताय? मी काय लेकरू हाय? मेले असते तर तवाबी सांगितलं नसतं, अप्पा गेले म्हनून रडला असता!" एवढं बोलून तिला स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. मग पदरानं तोंड पुसलं, डबा माझ्यापुढं सरकवला. "खायाचं तर खा. न्हाई तर न्हाई. पन ठरव आताच."

मी खाल्लं. तिच्यासमोर खाल्लं, रडत खाल्लं, सांगायला लाज कसली. चटणीत मीठ जास्त लागलं तर ते माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं अंबाजोगाईला, मोठ्या दवाखान्यात. अप्पा गाडीत खिडकीकडं तोंड करून बसलेले. अक्कानं त्यांना रात्रीच काय सुनवायचं ते सुनावलं असणार, पण बसमध्ये मात्र तिनं पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले आणि आधी त्यांच्या हातात दिले.

केसपेपरच्या खिडकीवर बाबूनं विचारलं, पेशंटचं नाव? अप्पा सवयीनं म्हणाले, "गुरुपाद सातलिंग." अक्कानं त्यांना कोपरानं बाजूला सारलं. "मल्लम्मा लिव्हा. मल्लम्मा गुरुपाद उदगीरे. वय सेहेचाळीस. बाई." बाबूनं वर बघितलं. "बाई दिसतंय की," म्हणाला. "दिसतंय, पन गेल्या बारीला लिवलं न्हवतं," अक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं नाव वनमालाबाई. केस पिकलेले, चष्मा नाकावर. त्यांनी पत्र वाचलं, आमच्या तोंडून सगळी कथा ऐकली, आणि आधी माझ्यावर आणि अप्पांवर अशा कडाडल्या की बाहेरचे पेशंट गप्प झाले. मग अक्काकडं वळल्या.

"बाई, खानावळ चालवता ना? पीठ चाळता?"

"रोज."

"चाळणीत अडकतं ते सगळं खडेच असतं का?"

"न्हाई. कोंडा बी असतो, गाठी बी असत्यात. निवडून बघाया लागतंय."

"हेच आहे. ही पहिली तपासणी म्हणजे चाळणी. तुमचं रक्त तीत अडकलं एवढंच आज माहीत आहे. कधी चाचणी चुकते. कधी आजार येऊन गेलेला असतो, नुसती खूण उरते. आणि कधी खरंच आत असतो, मग औषध करावं लागतं. कुठलं ते निवडून बघायचं. रक्त पुन्हा घेते, इथं तपासते, आणि मग मुंबईला पाठवते. महिना लागेल." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

अक्का विचार करत म्हणाली, "शिवांजलीच्या बाळंतपनात. ऐंशी साली. दोन बाटल्या. मी वाचते का न्हाई असं झालतं." शिवांजली ही तिची लेक, आता उदगीरला दिलेली.

"तेव्हा या काविळीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. तिथूनच आली असेल, आली असेल तर."

अक्काला एकच विचारायचं होतं. ते तिनं विचारलं तेव्हा तिनं खुर्चीची कड घट्ट धरलेली मी बघितली. "बाई, माझ्या हातनं कुनाला... मी रोज पन्नास ताटं वाढते. माझ्या हातनं कुनाला झालं असल का?"

"नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "जेवणातून नाही, ताटातून नाही, पाण्याच्या पेल्यातून नाही. हा आजार रक्तातून रक्तात जातो. सुई, ब्लेड एकमेकांचं वापरायचं नाही, बोट कापलं तर पट्टी बांधायची. भाकरी खुशाल थापा."

मी खाली मान घातली. 

"लिवून द्या," अक्का म्हणाली.

"काय?"

"हेच. मराठीत. सहीशिक्क्यानं."

वनमालाबाई हसल्या आणि लिहून दिलं. अप्पांचं रक्तही तपासायला घेतलं. अप्पा पुन्हा बेशुद्ध पडले, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्यात काही निघालं नाही.

त्याच संध्याकाळी अक्कानं चूल पेटवली. पंगतीला सतरा जण होते. भाकऱ्यांची चवड लागली, आमटी उकळली, पण तिनं वाढायला घेतलं नाही. टोपलं कमरेवर घेऊन पडवीच्या मध्यात उभी राहिली. अप्पा दारात उभे. तिनं त्यांनाही आत ओढलं.

"ऐका," म्हणाली. "मठात अप्पांच्या नावानं जी बाटली गेली, ती माझी व्हती. अप्पा सुई बघून पडले, मी दिली. म्हंजी जो काय दोष हाय तो माझ्या रक्तात हाय. अप्पा निरोगी हायेत, उद्यापासनं त्यांच्या दुकानात जावा. हा एड्स न्हाई, ही एक काविळ हाय. आता हाय का येऊन गेली ते मुंबईवरनं कळल. जेवनातनं व्हत न्हाई, हा डाक्टरीणबाईचा कागुद. वाचता येतं त्यानं वाचावा. ज्याला पटत न्हाई त्यानं उठावं, मला राग न्हाई. पर बाहेर जाऊन अप्पांचं नाव घेऊ नका. माझं घ्या. मल्लम्मा."

आमटीचा नुसता खदखद आवाज. मग कोपऱ्यातला एक जण उठला, चप्पल घातली, गेला. मागोमाग आणखी पाच. अक्का त्यांच्याकडं बघत होती, पण तोंडावरची रेष हलली नाही.

मी सगळ्यांच्या आधी ताट पुढं केलं. "वाढ अक्का, पहिली मला."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुजी शेवटाला," म्हणाली. "नऊ दिस उपाशी ऱ्हायलास, आजूक पाच मिन्टं ऱ्हा."

सगळी पंगत खो खो हसली. कोळशाच्या यार्डातला हनुमान, हा पैलवानासारखा गडी, त्यानं ताट डोक्यावर धरलं आणि ओरडला, "वाढा अक्का, माझी पैली!" अक्कानं एकेकाच्या पुढं उभं राहून, तोंड बघून, पहिली भाकरी वाढली. अकराही जणांना. माझी खरंच शेवटी आली, थोडी करपलेली. तशी भाकरी मी आयुष्यात खाल्ली नाही, काय सांगू!

डॉक्टरीणबाईंचा कागद तिनं पडवीच्या भिंतीला खळीनं डकवला. लोक जेवायला येण्याआधी कागद वाचायला यायला लागले. वाचता येईना त्यांना हनुमान वाचून दाखवायचा आणि वर स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घालायचा. गेलेल्या सहातले चार पंधरा दिवसांत परतले, मान खाली घालून. अक्कानं त्यांना काही विचारलं नाही, पहिली भाकरी वाढली. आणि एक गंमत झाली. बदनामीला का होईना, लोक आता 'अक्काची खानावळ' म्हणू लागले.

तो महिना मात्र मोठा होता. अक्का दिवसभर बडबडायची, पण पोस्टमनची सायकल गल्लीत आली की तिचा हात परातीत थांबायचा. एकदा मला हळूच म्हणाली, "धर्मा, औषध करावं लागलं तर करीन. मला मरायचं भ्या न्हाई वाटत. पर मला कळायला पायजे. न कळता मरायचं न्हाई मला." मी परात पुढं सरकवली.

दिवाळीच्या आधी आम्ही पुन्हा अंबाजोगाईला. वनमालाबाईंनी मुंबईचा कागद टेबलावर ठेवला, वर मोठ्या अक्षरात नाव, मल्लम्मा गुरुपाद उदगीरे. बोट ठेवून दाखवलं.

"बाई, खूण आहे. म्हणजे आजार येऊन गेला हे नक्की. पण विषाणू नाही. तुमच्या शरीरानंच त्याला हाकलून दिलं, केव्हाच. चार-पाच जणांत एखाद्याला जमतं हे. काही औषध नको."

अक्का कागदाकडं बघत राहिली. "म्हंजी तो माझ्या घरात आला, आन मी त्याला हाकलला?"

"हो."

"आन मला पत्ता न्हाई?"

"नाही."

"बावीस वर्सं?" तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया! मी भाकरी थापत बसले आन आत माझं रक्त लढाई जितून मोकळं!"

वनमालाबाई इतक्या हसल्या की चष्मा पडला. अप्पा खुर्चीत बसून मुलासारखे रडायला लागले. आणि मी, डोक्यानं तापट म्हणून बदनाम माणूस, त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात शिट्टी मारली. वॉर्डबॉय धावत आला, त्यालाही मिठी मारली.

संध्याकाळी हुग्गी शिजली, वार सोमवार नसताना. पंगत भरून बाहेर गल्लीत माणसं बसली. अप्पांनी दुकानातलं 'रक्तवीर' प्रमाणपत्र भिंतीवरून काढून आणलेलं, आणि ती शालही. भरल्या पंगतीत त्यांनी शाल अक्काच्या खांद्यावर टाकली. "उकडतंय, काढा ती," अक्का म्हणाली. पण काढली नाही. वाढून होईपर्यंत घाम पुसत पुसत अंगावर ठेवली.

दुसऱ्या श्रावणात पुन्हा एकशे आठ बाटल्या. राजेश्वर मास्तर आदल्या दिवशी मठाची यादी घेऊन बसलेच होते, पेनाचं टोपण काढलेलं. अक्का जाऊन समोर उभी राहिली. "मास्तर, उठा. फॉर्म मी भरनार, सकाळी, मानूस समोर बसवून." मास्तर म्हणाले, रांग लागेल. "लागू द्या. मला त्या खुणेपायी रक्त देता येत न्हाई आता, मग लिवायला तरी बसते."

अक्का चौथी शिकलेली. एकेक अक्षर वाटाण्याएवढं काढायची. रांग लागली, मोंढ्यापर्यंत लागली, आणि तिनं कुणाला घाई करू दिली नाही. बाई समोर आली की विचारायची, "नाव?"

"लिवा की घराचं," भिवराबाई म्हणाली.

"घराला रक्त असतंय व्हय? मेलेल्या सासऱ्याला असतंय? तुजं नाव सांग."

भिवराबाईनं आजूबाजूला बघितलं, लाजली, आणि स्वतःचं नाव सांगितलं. अक्कानं ते लिहिलं, आणि 'स्त्री' या चौकोनात दाबून टिक केली. त्या दिवशी एकवीस बायकांनी रक्त दिलं, एकवीसही जणींनी आपल्या नावानं.

दुपारी रांगेत अप्पा दिसले. मला वाटलं, डबा द्यायला आलेत. पण ते रांगेतून हलेनात. समोर येऊन बसले, बाह्या वर सारलेल्या, तोंड पांढरंफटक.

अक्कानं मान वर केली नाही. "नाव?"

"गुरुपाद सातलिंग उदगीरे."

"या आधी कधी दिलतं का?"

मास्तरांचा भोंग्याचा माइक शेजारीच टेबलावर चालू होता. अप्पांना ते माहीत असावं, कारण ते त्याच्याकडं वाकून बोलले. "न्हाई. गेल्या साली माझ्या नावानं जी बाटली गेली, ती मल्लम्मानं दिलती."

लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली. अप्पांच्या तोंडून अक्काचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मीच काय, सगळ्या गल्लीनं ऐकलं, भोंग्यातून. अक्काचं पेन थांबलं. मग तिनं फॉर्म पुरा केला, टेबलावरून उठली आणि त्यांच्याबरोबर खाटेपर्यंत गेली. पोरीनं सुई हातात घेतली तेव्हा अप्पांनी डोळे गच्च मिटले. अक्कानं त्यांचा दुसरा हात हातात धरला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तयारीत उभा, मास्तर कांदा घेऊन.

कांदा लागला नाही. बाटली भरली. अप्पांनी एक डोळा उघडला.

"झालं?"

"झालं," अक्का म्हणाली. "ही तुमच्या नावाची, तुमचीच." आणि पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तोंडात घातला.